सुट्टीत कोण पडतं

धाकट्याला कामावर सगळे बेडूक म्हणत. दिसायला तो बेडकासारखा मुळीच नव्हता. उलट घरात देखणा म्हणावा असा तोच एक. पण झोप लागता लागता तो उडी मारायचा. डोळे मिटले, श्वास जड झाला, जबडा सैल पडला, आता हा गेला असं वाटतं न वाटतं तोच सगळं अंग ताडकन उडायचं. शेजारचा घाबरून उठून बसायचा. मग बेडूक डोळे किलकिले करून विचारायचा, "कोण पडलं?"

"तूच पडलास, गाढवा. झोप आता," थोरला म्हणायचा.

हे लहानपणापासूनचं. दचकून उठला की पोर रडायचं आणि घर जागं करायचं, म्हणून आई त्याच्या घोट्यावर हात ठेवून झोपायची. हाताखाली पाय असला की दचका यायचा, पण अर्धाच यायचा, आणि पोर न उठता कूस बदलायचं. पुढे आई थकली, आणि भाऊ एकाच कामावर लागले, तसा तो घोटा थोरल्याच्या वाटणीला आला. थोरला स्वतः दगडासारखा झोपणारा. त्याला या पडण्याची कधी ओळखच नव्हती.

काम होतं उंच इमारतींच्या काचा धुण्याचं. गच्चीवरून लोखंडी दोरांवर पाळणा सोडलेला असतो. पाळणा म्हणजे कठडा असलेली लांबट फळी, दोन माणसं आणि दोन बादल्या मावतील एवढी. बटण दाबलं की मोटर घुरघुरते आणि पाळणा मजलामजला खाली सरकतो. एक साबण लावतो, दुसरा रबराच्या पट्टीने पाणी ओढतो. अंगात छातीचा आणि मांड्यांचा पट्टा, आणि त्या पट्ट्याची दोरी पाळण्याच्या लोखंडी दांडीला अडकवलेली.

आता तुम्ही म्हणाल, दुपारच्या सुट्टीत ही माणसं खाली येऊन जेवत का नाहीत? माणसासारखी सावलीत का बसत नाहीत? कारण सुट्टी लागली की पाळण्याची वीज खालून बंद व्हायची. मोटरच्या घुरघुरीने आतल्या साहेबलोकांना जेवताना त्रास होतो म्हणे. वीज नसताना उतरायला पाळण्याला एक हातदांडा असतो. तोही काढून ठेवलेला, कारण पूर्वी कुणा जोडीने तो फिरवून खाली येऊन चहा प्यायला होता. चहा! केवढा गुन्हा! खिडकीतून आत घ्या म्हणावं, तर त्या काचा उघडतच नाहीत, आणि उघडल्या असत्या तरी या ओल्या बुटांना त्या गालिच्यावर कुणी पाय ठेवू दिला असता? म्हणून वरचे वरच जेवायचे. डब्यातला पाव आणि अंडं पाळण्यातच खायचं, तिथेच लघवीची बाटली, आणि तिथेच झोप.

हो, झोप. सगळ्याच जोड्या झोपायच्या. पहाटे उठून आलेलं अंग दुपारी ऐकत नाही. रीत अशी होती की एकाने फळीवर आडवं व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या पायाशी बसून घोटा धरायचा. अर्धी सुट्टी याची, अर्धी त्याची. ही रीत थोरल्याने घरातून कामावर आणली होती. बाकीचे आधी हसले, "पाय चेपून देतोस की काय धाकट्याचे?" मग एकेकाने करून पाहिली आणि गपचूप उचलली. हवेत लोंबकळणाऱ्या माणसाला आपला पाय कुणाच्या तरी हातात आहे, एवढ्यावरच किती गाढ झोप लागते हे त्यांना कळलं.

आणि मग डब्या आल्या.

काडेपेटीएवढी काळी डबी, प्रत्येकाच्या पट्ट्यावर पाठीमागे शिवलेली. माणूस पडला, पट्ट्याला हिसका बसला, की डबी किंचाळणार आणि खाली तळघरात मुकादमाच्या टेबलावर त्या माणसाच्या नंबराचा लाल दिवा लागणार. मुकादमाने धावायचं. चांगली गोष्ट. कुणाला वाईट म्हणवेल? थोरल्याने पहिल्या दिवशी घरी जाऊन आईला हौसेने सांगितलं, "आता काळजीच नको. नुसतं पाऊल चुकलं तरी खाली कळतं."

पहिल्याच दुपारी बेडूक झोपला आणि उडाला. डबी अशी किंचाळली की थोरल्याच्या हातातला घोटाच सुटला. खाली मुकादम घास टाकून पळत सुटला, वीज चालू केली, दोघांना खाली घेतलं. बघतो तर बेडूक डोळे चोळत उभा.

"कुठे पडलास?" मुकादम धापा टाकत म्हणाला.

"स्वप्नात," बेडूक म्हणाला.

सगळे पोट धरून हसले. मुकादमही हसला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला तेव्हा कुणी हसलं नाही. डबी ओरडली की ती नोंद थेट विम्यावाल्यांकडे जाते. तीनदा जो पडता पडता वाचला तो उंचावर काम करायच्या लायकीचा नाही, त्याला काढा. बेडकाचं एकदा झालं होतं. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा झालं.

आता राहिलं एकच. आणि काचा सोडून बेडकाला दुसरं काही येत नव्हतं. येत नव्हतं म्हणण्यापेक्षा, बाकी ठिकाणी तो टिकला नव्हता. घरात आईचे गुडघे, थोरल्याची बायको, दोन मुली, आणि पुढल्या ऋतूत बेडकाचं लग्न ठरलेलं. मुलगी शिवणकाम करायची. तिने एकदाच विचारलं होतं, "उंचावर काम करता, भीती नाही वाटत?" आणि हा शहाणा म्हणाला होता, "जागेपणी नाही वाटत."

थोरला त्याला घेऊन कंपनीच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं, समोर गार झालेला चहा.

"रोग नाही हा," डॉक्टर म्हणाला. "झोप लागताना अंगातले स्नायू सैल पडतात. मेंदूचा काही भाग अजून जागा असतो. त्याला वाटतं, अंग सुटलं म्हणजे माणूस पडतोय. म्हणून तो सावरायला हिसका देतो. असं मानतात आपलं. नक्की का होतं ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं, माणूस झाडावर झोपायचा तेव्हाची सवय राहिली. त्याला पुरावा नाही."

"सगळ्यांनाच होतं?"

"बहुतेकांना कधी ना कधी होतं. मलाही होतं. दमणूक, चहा, काळजी, यांनी वाढतं. चहा कमी करा, झोप पुरी घ्या, काळजी करू नका."

"हे त्या डबीला पण सांगा ना, डॉक्टरसाहेब," बेडूक म्हणाला. "काळजी करू नको म्हणावं."

डॉक्टर हसला, पण थोरला हसला नाही. "तुम्ही वर सांगा की. तुमचं ऐकतील."

"मी सांगितलं. तुमच्या आधी चार जण येऊन गेलेत." डॉक्टरने चहा बाजूला सारला. "डबी विम्यावाल्यांची आहे. तिच्यापुढे माझं शिक्षण चालत नाही."

म्हणजे बघा. माणसाच्या अंगात एक रखवालदार बसवलेला. मालक झोपला तरी हा म्हणतो, थांब, आधी बघू दे, आपण पडत तर नाही ना? एवढा इमानी नोकर कुणाच्या घरी नसेल. आणि या लोकांनी एक डबी आणून त्या रखवालदारालाच चोर ठरवलं.

बेडकाने झोपणंच सोडलं. दुपारी कठड्याला टेकून बसायचा, डोळे ताणून. संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड राखेसारखं व्हायचं. रात्री घरी अंथरुणावर पडला की मग उड्याच उड्या, एकामागून एक, जणू दिवसभराच्या साठलेल्या. एकदा काच पुसताना उभ्या उभ्याच त्याची मान लवली आणि थोरल्याने दंड धरला म्हणून बरं. दंड धरलेला असूनही डबी किंचाळायच्या बेतात होती.

"मी सोडतो काम," बेडूक म्हणाला.

"सोडून काय करशील? अंडी उबवशील?"

"दादा, मी असा एक दिवस खरंच पडेन रे."

त्या संध्याकाळी थोरला तळघरात गेला. मुकादम एकटाच होता, लाल दिव्यांच्या फळीसमोर नखं कुरतडत बसलेला. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानेही अर्धं आयुष्य पाळण्यात काढलं होतं, कंबर गेली म्हणून खाली आला होता.

"मुकादम, दिवा लागला की नोंद लगेच वर जाते?"

"लगेच नाही. मी बटण दाबून थोपवू शकतो. चुकून वाजली असेल तर म्हणून ठेवलंय बटण. का?"

"सुट्टीत थोपवा."

मुकादमाने नखं सोडली. "म्हणजे?"

"सुट्टीत डबी वाजली तर ती झोपेचीच असणार. कामावर वाजली तर धावा, कुणाच्याही नंबराचा दिवा लागो, धावा. पण सुट्टीत वाजली तर बटण दाबा. पोरगं मरतंय हो झोपेवाचून. सगळ्यांचंच तेच आहे, कुणी बोलत नाही एवढंच. तुम्हाला पाया पडतो."

"पाया बिया नको पडूस, कंबर वाकवून तू पण माझ्यासारखा होशील." मुकादमाने दिव्यांच्या फळीवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "खरं आहे म्हणा. सुट्टीत कोण पडतं? बसून पाव खाणारा माणूस पडत नाही."

"नाही पडत."

"बरं. सुट्टीतला दिवा माझा. पण चकार शब्द बाहेर गेला तर तुझ्याआधी माझी हकालपट्टी."

थोरल्याने खरोखरच त्याच्या पायाला हात लावला. घरी जाताना त्याने आईसाठी गुडघ्याचं तेल घेतलं आणि मुलींसाठी गोळ्या. खूप दिवसांनी तो रस्त्यात कुणाशी तरी उगाच दोन शब्द बोलला.

त्यानंतर सगळ्या पाळण्यांवर पुन्हा झोप आली. दुपारी इमारतीच्या चारी बाजूंनी डब्या किंचाळायच्या, खाली एकेक दिवा लागायचा, आणि मुकादम पाव चावत बटण दाबायचा. तो दिव्यांवरून माणसं ओळखू लागला होता. "बेडकाची उडी झाली, आता पंधरावा नंबर उडेल बघ," असं स्वतःशीच म्हणायचा. बेडकाच्या तोंडावर रंग परत आला. शिवणकामवालीने त्याच्या सदऱ्याला नवी बटणं लावून दिली.

त्या दिवशी ते इमारतीच्या मागच्या अंगाला होते, बऱ्याच वर. सुट्टी लागली, मोटर गप्प झाली. दोघांनी खाल्लं. बसायला सोपं जावं म्हणून मांड्यांचे पट्टे सैल केले, सगळेच करायचे. थोरल्याने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "चल, हो आडवा."

"थांब, ती रेघ राहिलीय." काचेच्या वरच्या कोपऱ्यात साबणाची एक बारीक रेघ वाळून पांढरी झाली होती. "उठल्यावर उन्हात ती निघणार नाही."

"असू दे रे. आत कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

तो कठड्याच्या मधल्या दांडीवर एक पाय ठेवून वर झाला. दांडीवर साबणाचं पाणी होतं. थोरला डबा पिशवीत घालत होता, त्याला फक्त बूट घसरल्याचा आवाज आला. मग हिसका, पाळणा एका अंगाला कलला, आणि डबी किंचाळली.

बेडूक पाळण्याखाली दोन हात अंतरावर लोंबकळत होता. दोरी धरली होती, पट्टा धरला होता. सगळं जसं व्हावं तसंच झालं होतं.

"दादा," खालून आवाज आला, "या वेळी खरंच पडलो रे." आणि तो हसला. हसला!

"हलू नकोस. डबी वाजलीय, येतीलच आता." हे तोंडातून गेलं आणि मग थोरल्याला आठवलं. कुणी येणार नव्हतं. त्यानेच तशी व्यवस्था केली होती.

त्याने दोरी दोन्ही हातांनी धरून ओढली. वीतभर वर आली, ओल्या हातातून सटकली, आणि बेडूक पुन्हा खाली आदळला. "नको ओढू, छातीत घुसतंय," तो कळवळला. मांड्यांचे पट्टे सैल होते, म्हणून सगळा भार छातीवर आणि काखांत आला होता, आणि पट्टा श्वास आवळत होता. फोन खाली मुकादमाच्या खणात होते. वरून कुणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. थोरला ओरडला. वारा ते ओरडणं घेऊन भलतीकडेच गेला. त्याने बादली फेकली. ती खालच्या पत्र्याच्या छपरावर पडली आणि तिथेच राहिली.

मग त्याने काच बडवली. आतून पट्ट्यांचे पडदे ओढलेले होते, कारण जेवताना बाहेर माणसांचे पाय दिसतात अशी तक्रार झाली होती. बऱ्याच वेळाने दोन बोटांनी पट्टी वर केली. एक चष्मा. एक टाय. त्याला थोरल्याचं लाल तोंड दिसलं, बडवणारे हात दिसले. खाली लोंबणारा दिसणं शक्य नव्हतं. थोरला खाली बोट दाखवत राहिला. चष्म्याने मनगटावरचं घड्याळ ठोकून दाखवलं, सुट्टी आहे, आणि पट्टी सोडून दिली. त्याने आवाजाची तक्रार मात्र केली. ती जेवणानंतर बघू म्हणून ठेवली गेली, हे चौकशीत कळलं.

मग थोरल्याला सुचलं. आपली पण डबी आहे. तो फळीवर उभा राहिला आणि सगळ्या जोराने मागे झोकून दिलं. पट्ट्याला हिसका बसला, डबी किंचाळली. पुन्हा उठला, पुन्हा झोकलं. खांदा निखळेल असं झोकलं. खाली दोन दिवे लागले असतील, तो मनात म्हणाला, दोन दिवे बघून तरी मुकादम उठेल. बटण दाबलं की डबी गप्प व्हायची. ती गप्प झाली. त्याने पुन्हा वाजवली. ती पुन्हा गप्प झाली.

"दादा, पाय बधिर झाले."

"हलव. थोडे थोडे हलव. लग्नात नाचायचंय तुला."

"मला नाचता कुठे येतं."

"झोपेत तर काय नाचतोस!"

बेडूक पुन्हा हसला, पण आवाज खूप लांबून आल्यासारखा. त्याचे पाय दोनदा हलले आणि थांबले. मग म्हणाला, "झोप येतेय रे."

"नाही! बेडका, झोपायचं नाही. माझ्याकडे बघ. वर बघ!"

थोरला फळीवर पालथा पडला होता, हात खाली सोडलेला, आणि बोटं भावाच्या डोक्यापासून वीतभर वर राहत होती. त्याने मान लवताना पाहिली. जबडा सैल पडताना पाहिला. हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं, हजारदा पाहिलेलं, आणि यानंतर काय येतं तेही त्याला माहीत होतं. तो त्याची वाट बघत राहिला. आता उडेल. आता ताडकन उडेल आणि विचारेल, कोण पडलं? उड ना रे. एकदा उड.

रखवालदार निघून गेला होता. अंग नुसतं वाऱ्याने हलत होतं.

सुट्टी संपली, वीज आली, मोटर घुरघुरली. थोरल्याने पाळणा खाली घेतला. बेडूक आधी जमिनीला टेकला, गुडघ्यांतून दुमडला, मग आडवा झाला. मुकादम तोंड पुसत येत होता. पाहिलं आणि जागीच खिळला.

"दोन दिवे लागले रे," तो म्हणाला. "मी बटण दाबत होतो आणि मला वाटलं, आज थोरल्यालाही झोप लागली. मला बरं वाटलं रे. देवाशपथ, मला बरं वाटलं."

थोरल्याने त्याला मारलं नाही. मारायला हात उचलला होता, पण तो कुणावर उचलायचा हे त्याला कळेना.

आईने एकच विचारलं, "लगेच गेला का?"

"लगेच," थोरला म्हणाला. "कळलंसुद्धा नाही त्याला."

चौकशीत यंत्राची वाहवा झाली. डबी वेळेवर वाजली होती, दोर तुटला नव्हता, पट्टा सुटला नव्हता. दोष माणसांचा. मुकादमाला काढलं. बटण काढलं. सुट्टीत आडवं व्हायला बंदी आली. हातदांडा परत बसवला का? नाही. वीज चालू ठेवली का? मोटरचा आवाज अजूनही साहेबांना बाधतोच ना. आणि थोरला परत वर गेला, कारण आईच्या गुडघ्यांना आणि मुलींच्या पोटांना चौकशी समजत नाही. शिवणकामवालीच्या घरचे येऊन लग्नासाठी दिलेले कपडे परत करून गेले.

थोरल्याला नवा जोडीदार दिला. उंच, हाडकुळा, पन्नाशीला आलेला. सगळे लंबू म्हणायचे. दुपारी बसल्या बसल्या लंबूचा डोळा लागला आणि त्याचं अंग उडालं. डबी किंचाळली. या खेपेला वीज लगेच आली, नवा मुकादम शिट्टी फुंकत आला, मागून आणखी दोघं, दोरखंड, औषधांची पेटी. एवढी माणसं! एवढ्या लवकर! थोरला कठडा धरून बघत राहिला.

दोनदा झालं तेव्हा लंबू त्याच्याजवळ सरकून बसला.

"थोरल्या, तुझं ऐकतात म्हणे खाली. पूर्वी तूच बोलला होतास ना सगळ्यांसाठी? माझ्यासाठी पण बोल की. तीन पोरी आहेत मला."

थोरल्याने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं.

"नुसतं विचारून तर बघ. विचारायला काय जातं?"

थोरल्याने मान वर केली नाही. तो त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या आठवड्यात लंबूला खाली उतरवून त्याचा पट्टा काढून घेत होते तेव्हाही नाही.